बसून राहणारे स्नायू, चालते राहणारे स्नायू

दुमजली बसचा ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून काढत असे; त्याच बसचा कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढत-उतरत असे. लंडनमधील या दोघांची तुलना संशोधक जेरी मॉरिस यांनी केली आणि 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. कंडक्टर दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या चढत आणि त्यांच्यात हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी आढळला. पुढे गणवेशांच्या मापांवरून दिसले, की ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती. म्हणजे फरकाचे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. पण घरोघर फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक होता, हे विसरून चालणार नाही.

हालचालीने शरीरात जे घडते, त्यातले एक असे: स्नायू आकुंचन पावले, की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी मदत न घेताही ओढून घेतात. मांड्या आणि पोटऱ्या हे मोठे स्नायू असल्याने जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीनेही साखरेची उसळी कमी होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी ही गोष्ट मोलाची आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचाल सुचवते. ती सलग किमान दहा मिनिटे हवी, ही जुनी अट 2020 च्या शिफारशींत नाही. त्यामुळे एक स्टॉप आधी उतरून झपझप चालणे, लिफ्टऐवजी जिना, केर-फरशी, बाजारातून पिशवी उचलून आणणे, सारे हिशेबात धरले जाते. फोनवर बोलताना उभे राहणे मात्र त्यात बसत नाही. त्याने बैठक मोडते, एवढेच.