बांबू लावा, पण जंगलाच्या बदल्यात नको

बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो आपली जाडी ठरवूनच. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढची तीन-चार वर्षे फक्त टणक होत राहतो. नवे कोंब बेटाच्या कडेने फुटतात आणि जुने बांबू आत राहतात. म्हणून एका बाजूने वाट काढून आतले जून बांबू कापायचे, तेही जमिनीलगतच्या पेराला अगदी लागून. म्हणजे खुंटात पाणी साचत नाही, कंद कुजत नाही आणि बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत सूप, टोपली, कणगी, कुडाची भिंत आणि पावसाळ्यातली वास्त्यांची, म्हणजे कोवळ्या कोंबांची, भाजी हे सारे याच बेटातून येते. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याला तो तोडून विकणे सोपे झाले. तेव्हा भातखाचरे राखून उरलेल्या वरकस जमिनीवर बांबू लावावा, हा सल्ला रास्तच आहे. मात्र बांबू हे पीक आहे. त्याला जंगलाचा पर्याय मानणे ही मोठी चूक ठरेल, आणि याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चीनच्या पांडाने दिला आहे.

पांडाचे पोट मांसाहारी प्राण्याचे आणि आहार बांबूचा. खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा त्याला पचतो, म्हणून तो दिवसाला बारा ते अडतीस किलो बांबू फस्त करतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मिनशान पर्वतात बांबूला एकाच वेळी फुलोरा आला. बांबूच्या अनेक जाती कित्येक दशके वाढतात, मग एका पिढीची सगळी बेटे एकदमच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. त्या काळात शंभराहून अधिक पांडा मेलेले आढळले. पण फुलोरा काही नवा नव्हता. पूर्वी एक जात वाळली की पांडा डोंगर उतरून किंवा चढून दुसऱ्या जातीच्या बांबूकडे जात. शेती, वस्ती आणि लाकूडतोडीने त्या वाटा तुटल्या, तेव्हा नेहमीचा फुलोरा संकट बनला. उपायही त्याच दिशेने झाले. १९९८ पासून नैसर्गिक जंगलातील तोड थांबवण्यात आली, राखीव क्षेत्रे वाढवून जोडली गेली, शिकारीला आळा बसला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत १,८६४ रानटी पांडा आढळले, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्यांचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. नुसती बांबूची लागवड करून हे साधले नसते.

डहाणूत पांडा नाही, केवळ बांबूवर जगणारा दुसरा मोठा प्राणीही नाही, मग ही तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. पण तुकडे पडलेले जंगल आणि एकाच पिढीचा बांबू यांचे दुष्परिणाम इथेही तसेच होतात. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. आज याच पट्ट्यातून बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मालवाहू रेल्वेमार्ग जात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराकडे जाणारे रस्तेही त्यात येतील. या कामांसाठी तुटलेल्या साग-खैर-ऐनाच्या रानाची भरपाई दुसरीकडे लावलेल्या बांबूने झाली असे कागदावर दाखवणे सोपे आहे. पण बांबूच्या मळ्यात मोहाची फुले वेचता येत नाहीत, पावसाळी रानभाज्यांची विविधता मिळत नाही, आणि दोन जंगलांमधली प्राण्यांची वाटही आपोआप जोडली जात नाही.

बांबू झपाट्याने कार्बन शोषतो, मग उजाड वनजमिनीवर तोच का नको, हा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. शोषण झपाट्याने होते हे खरे, पण तोडलेला बांबू सरपणात जळला की तो कार्बन पुन्हा हवेत जातो. घरात किंवा फर्निचरमध्ये टिकला तरच साठून राहतो. शिवाय उजाड वाटणाऱ्या जमिनीत जुन्या झाडांची खोडे-मुळे बहुतेकदा जिवंत असतात. चराई आणि वणवा रोखला तर तेच रान पुन्हा उभे राहते.

शेतकऱ्यासाठीही यात धडा आहे. एकाच मातृबेटापासून ऊतिसंवर्धनाने केलेली रोपे गावभर लावली, तर ती सहसा त्या बेटाच्याच घड्याळाने चालतात आणि फुलोरा आला की सगळ्यांचे उत्पन्न एकदमच थांबते. मिझोराममध्ये १९५९ च्या फुलोऱ्यानंतर बी खाऊन उंदीर वाढले, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला. म्हणून मानवेल, काटेरी कळक आणि माणगा अशा वेगवेगळ्या जाती, वेगवेगळ्या उगमाच्या रोपांपासून, टप्प्याटप्प्याने लावाव्यात. भाताला सावली आणि मुळांचा त्रास नको म्हणून बेटे खाचरापासून दूर, वरकसात ठेवावीत. पहिली कापणी यायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर दोन ओळींच्या मधल्या जागेत नागली-वरी घ्यावी. लागवडीच्या योजनांनी केवळ रोपांची संख्या न मोजता जातींची विविधता मोजावी, आणि वनभरपाईच्या हिशेबातून बांबूचे मळे साफ वगळावेत. बांबूने शेतकऱ्याला उत्पन्न द्यावे आणि जंगलावरचा तोडीचा भार हलका करावा. जंगलाची जागा मात्र जंगलालाच राहू द्यावी.