वहीच्या कोपऱ्यातला सिनेमा

वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढली म्हणून ज्याचा कान कधी पिळला गेला नाही असा विद्यार्थी विरळाच! एका पानावर माणूस उभा, पुढच्यावर त्याचा पाय उचललेला, त्याच्या पुढच्यावर तो आडवा. पाने अंगठ्याखालून भरभर सोडली की माणूस धपकन पडे आणि मागचा बाक खुदकन हसे. हाच खोडकरपणा वाचनाच्या तासाला उपयोगी पडेल असे सांगितले, तर आपले जुने गुरुजी काय म्हणतील?

पण या खोडीचे घराणे मोठे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवून त्याची एकेक छबी टिपली आणि महिनाभराची वाढ पडद्यावर थोडक्या अवधीत दाखवली. छत्रपती संभाजीनगरकरांना तर दूर जायलाच नको. जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात विश्वंतर जातकातला राजपुत्र एकाच कथेच्या ओघात पुन्हा पुन्हा भेटतो. डोळा पुढे सरकतो तशी गोष्ट पुढे सरकते. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीही तशीच: एकेक चित्र समोर धरायचे आणि कथा गात जायचे.

आता वर्गात या. वाचायला शिकणारे मूल अडते कुठे? 'दिवा' हा शब्दच घ्या. वेलांटी लिहायची 'द'च्या आधी, तिचा उच्चार मात्र नंतर! आणि 'दीप' म्हटले की तीच वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. मोठ्यांना यात काही वाटत नाही. मुलाला मात्र हे कोडेच असते.

म्हणून मुलाच्याच हाती पेन्सिल द्यावी. वीस-चोवीस कोरे चिठोरे एका बाजूने शिवावेत. पहिल्या पानांवर नुसता 'द', मग डावीकडून हळूहळू येणारी वेलांटी, मग 'वा', शेजारी पणती आणि पानागणिक मोठी होणारी ज्योत. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे लागतात. हाताने सेकंदाला दहा-बारा सुटली तरी ज्योत हलते. घरात मोबाइल असेल तर फाळक्यांची युक्ती त्यावरही साधते. वेलांटी वीस वेळा स्वतःच्या हाताने सरकवली की तिची जागा पाठ करावी लागत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. ज्योत पाहून 'दिवा' म्हणणे हे वाचन नव्हे, तो अंदाज झाला. म्हणून शेवटची दोन पाने चित्राविना ठेवावीत. तिथे फक्त शब्द. ती वाचता आली तर खरे.

हा नुसता खेळ नव्हे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवून २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. कारण उघड आहे: तोवर मूल वाचायला शिकते, पुढे वाचून शिकायचे असते. जे मागे राहिले त्याला गणिताचे उदाहरणही कळत नाही. ते चुकते आणि 'ढ' ठरते.

तेव्हा आईबाबांनो, या दिवाळीच्या सुट्टीत वहीचा कोपरा रंगलेला दिसला तर रागावण्याआधी पाने भरभर सोडून पाहा. आणि मग म्हणा, "छान! आता याच्याखाली एक शब्द लिही पाहू!"