सूचना कागदावर की क्यूआर कोडमध्ये?

हेल्मेट, श्वसन-मास्क, उंचीवरच्या कामाचा सेफ्टी बेल्ट अशा साधनांसोबत उत्पादकाच्या सूचना असायलाच हव्यात, असे युरोपीय संघाचा २०१६/४२५ हा नियम सांगतो. त्या डिजिटल करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मे २०२५मध्ये मांडला. यंत्रांसाठी ही मुभा २०२३/१२३० या नियमाने दिली आहे (लागू २० जानेवारी २०२७पासून): सूचना किमान १० वर्षे ऑनलाइन, खरेदीवेळी मागितल्यास कागदी प्रत महिन्याभरात मोफत. कागद हरवतो, हा आक्षेप खरा. पण पट्ट्याला शिवलेल्या लेबलवरचा कोड घासून गेला, किंवा टाकीत उतरणाऱ्या कामगाराला फोन बाहेर ठेवावा लागला, तर बकल नीट बसले की नाही हे तो कशावरून ताडणार? निदान सुरक्षेचा मजकूर तरी कागदावर हवा. यंत्रांच्या नियमाने ही सक्ती घरगुती ग्राहकांपुरतीच ठेवली आहे.