पेटीतलं चावीचं घड्याळ पुन्हा चालू कसं होतं?



आपल्या पनवेल तालुक्यात नेरे असो, आपटे असो की गुळसुंदे, जुन्या घरातली लोखंडी पेटी उघडली की तळाशी एखादं बंद मनगटी घड्याळ हमखास निघतं. कुणाचे सासरे मुंबईला गिरणीत होते, कुणाचे गोदीत, त्यांनी बोनसमधून घेतलेलं. नाहीतर लग्नात जावयाला दिलेलं. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही तेव्हाची मानाची देणी. जावयाच्या मनगटावर मिरवलेलं ते घड्याळ तुमच्या वडिलांच्या घामाच्या पैशातून आलेलं असतं, हे बरेचदा विसरलं जातं. मग एक दिवस ते भंगारवाल्याच्या काट्यावर जातं.

आज आपण एवढंच समजून घेऊ: बंद पडलेलं चावीचं घड्याळ बहुतेक वेळा मेलेलं नसतं, आतून सुकलेलं असतं. त्याला चालू करणारा माणूस काय करतो, आणि त्याच्याकडे जाण्याआधी आपण काय करायचं, काय करायचं नाही?

आपल्याकडे सापडणाऱ्या घड्याळांत एचएमटीची संख्या मोठी. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही तिची नावं घरोघरी माहीत झाली. घड्याळाची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे या घड्याळांचे मूळ भाग आता नव्याने बनत नाहीत. एका घड्याळाचा भाग दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. म्हणून पार निकामी झालेलं घड्याळसुद्धा फेकू नका.

आता आतली गंमत पाहू. चावीच्या घड्याळात सेल नसतो. एका डबीत पोलादी पट्टीची गुंडाळी असते, तीच मुख्य स्प्रिंग. चावी दिली की ती आवळते. ही आपली पाण्याची टाकी समजा. भरली की साधारण दीड दिवस पुरते. पण टाकी एकदम सोडली तर सगळं पाणी वाहून जाईल, म्हणून तोटी लागते. घड्याळातली तोटी म्हणजे दोन दात असलेला छोटा काटा. तो चाकाला एका वेळी एकच दात पुढे जाऊ देतो. त्याच अडवण्या-सोडण्याचा आवाज म्हणजे टिकटिक.

आणि ही तोटी कोण उघडतं? बॅलन्सचं चाक. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर ते इकडून तिकडे झुलतं, ओटीवरच्या झोपाळ्यासारखं. झोका लहान असो की मोठा, वेळ जवळपास सारखाच लागतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. एचएमटी जनतासारख्या घड्याळात सेकंदाला पाच टिक होतात. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार.

एवढी धावपळ करणाऱ्या चाकांचे आस केसाएवढे बारीक असतात. ते झिजू नयेत म्हणून त्यांची टोकं कठीण खड्यांत बसवतात. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ते हेच. हे माणिक कारखान्यात तयार केलेले असतात आणि त्यांना दागिन्याची किंमत नसते. ‘आत खरे माणिक आहेत, काढून विकू’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

मग घड्याळ बंद का पडतं? आपलं पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. गाडीच्या आसाला वंगण नसेल तर काय होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तेच इथे होतं. आतलं थेंबभर तेल वर्षानुवर्षं पडून घट्ट होतं, त्यात धूळ मिसळते, डिंकासारखं चिकटतं आणि चाकं अडतात. त्यात आपल्या कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीची खारी हवा. पोलादाला गंज चढतो.

‘चावी जास्त दिली म्हणून बिघडलं’ असं आपण म्हणतो. खरं तर स्प्रिंग पूर्ण आवळलेली असते, पण चाकं अडल्यामुळे ती सुटत नाही. अशा वेळी आणखी जोर लावला तर मात्र खरोखर काहीतरी तुटतं. घड्याळ हापटणं, जोराने हलवणं, खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडणं, यातलं काहीही करू नका. आधीच्या चिकट्यावर नवं तेल म्हणजे न घासलेल्या तव्यावर पुन्हा तेल ओतणं. काम वाढतं, घड्याळ चालत नाही.

चांगला घड्याळजी काय करतो ते पाहा. डोळ्याला भिंग लावून तो आधी मागचं झाकण उघडतो आणि गंज किती आहे ते बघतो. मग आवळलेली स्प्रिंग हळूहळू सैल करतो. ती तशीच ठेवून चाकं सोडली तर दात मोडतात. त्यानंतर काटे, डायल, बॅलन्स, एकेक चाक चिमट्याने काढून खणाखणाच्या डबीत क्रमाने ठेवतो. सगळे भाग पांढऱ्या पेट्रोलमध्ये किंवा तशाच द्रावणात धुतो. खड्यांची भोकं टोकदार लाकडी काडीने साफ करतो. हे काम घरी, चुलीजवळ कधीही करू नका, कारण ते पेट्रोल चटकन पेट घेतं.

धुऊन झालं की तपासणी. आस वाकला आहे का, स्प्रिंग थकली आहे का, दात झिजले आहेत का? मग जोडणी आणि शेवटी तेल. ते घड्याळाचंच खास तेल असतं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच लावतात. केसासारख्या स्प्रिंगला तर तेल लागताच कामा नये. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ वेड्यासारखं पुढे धावतं. लोहचुंबकाजवळ राहिल्यानेही तसंच होतं, म्हणून घड्याळ रेडिओच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरवर ठेवू नका.

शेवटचं काम वेळ लावण्याचं. आत एक बारीक दांडी असते, ती सरकवून घड्याळ जलद किंवा सावकाश करता येतं. काही दिवस पाहून हे करावं लागतं. पूर्वी लोक आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर घड्याळ लावत, आता मोबाईलवर लावा. जुनं घड्याळ दिवसात एखादं मिनिट मागे-पुढे झालं तर भांडू नका. दिवसाची मिनिटं १४४०, त्यातलं एक चुकलं.

आता एक धोक्याची गोष्ट, नीट ऐका. १९६० च्या दशकापर्यंतच्या काही परदेशी घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर रेडियमचा रंग लावत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली हे काम करत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. रंग निर्धोक आहे असं सांगितलं होतं. पुढे त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं सडली, कित्येकींचा जीव गेला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी १९२७ मध्ये कंपनीवर दावा लावला आणि १९२८ मध्ये कंपनीला भरपाई द्यावी लागली. कामाच्या जागी कामगाराची सुरक्षा ही मालकाची जबाबदारी आहे, हे पटवून देण्यात या बायकांचा मोठा वाटा आहे.

त्या रंगाची चमक काही वर्षांत विझते, पण रेडियमची ताकद निम्मी व्हायला १६०० वर्षं लागतात. म्हणून जुन्या परदेशी घड्याळाच्या आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाड रंग दिसला तर काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. त्याची भुकटी श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाणं हा मोठा धोका. दुकानात देतानाही ‘यावर रेडियम असेल’ असं आधी सांगा, म्हणजे तोही जपेल.

दुसरी सावधगिरी डायलची. ‘ताई, डायल डागाळलंय, नवं रंगवून देतो’ असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. जुन्या डायलवर नवा रंग चढवून, चार घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या घड्याळांना जगभरचे हौशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. डागाळलेलं का होईना, मूळ डायल असलेलं घड्याळ जास्त मोलाचं. पण एचएमटी लाखोंनी बनली, त्यामुळे साध्या ‘जनता’चे लाखभर रुपये येतील अशा अफवांनाही भुलू नका. कधी दुरुस्तीचा खर्च बाजारभावापेक्षा जास्त होतो. मग ठरवायचं असतं ते आठवणीवर.

दुकानात जाताना एवढं करा. घड्याळाचे पुढून-मागून फोटो काढा. मागच्या झाकणावरचा नंबर लिहून ठेवा. ‘पूर्ण खोलून साफ करणार की नुसतं तेल सोडणार?’ हे विचारा. खर्च आधी ठरवा आणि पावती घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून घड्याळं नेली तर दरही बोलता येतो आणि एकीचा हेलपाटा वाचतो.

चालू झालेलं घड्याळ पुन्हा पेटीत कोंडू नका. रोज सकाळी एकाच वेळी, हातातून काढून, हलक्या हाताने चावी द्या आणि अडलं की थांबा. भात लावताना, भांडी घासताना ते काढून ठेवा. पावसाळ्यात ठेवायचंच झालं तर नव्या चपलांच्या खोक्यात येणारी दाण्यांची पुडी डबीत टाका. आणि घड्याळ कुणाचं, कोणत्या साली, कशाच्या पैशातून घेतलं, ते चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवा. घड्याळजी टिकटिक परत आणून देईल, पण ही माहिती फक्त तुमच्यापाशी आहे.