थेट फील्ड बंधन

थेट फील्ड बंधन ही वेब अर्जात भरलेली माहिती गेटर व सेटर या मेथडींवाचून ऑब्जेक्टच्या फील्डांमध्ये भरण्याची पद्धत होय. जावा भाषेतील स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये ही सोय उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

जावाबीन्स संकेतानुसार गुणधर्म वाचण्यासाठी गेटर आणि बदलण्यासाठी सेटर अशा मेथडी लिहिल्या जातात. स्प्रिंगमधील डेटाबाइंडर मूलतः याच संकेतावर चालतो. अर्जात 'वय' हा रकाना असल्यास तो त्या नावाचा सेटर शोधतो, मजकुराचे अंकात रूपांतर करतो व ते मूल्य सेटरकडे सोपवतो. फील्डांची संख्या वाढली की अशा मेथडींमुळे क्लासचा विस्तारही वाढतो.

कार्यपद्धती

कंट्रोलरमधील 'इनिटबाइंडर' हे अ‍ॅनोटेशन लावलेल्या मेथडीतून डेटाबाइंडरची 'इनिटडायरेक्टफील्डअ‍ॅक्सेस' ही मेथड बोलावल्यास थेट बंधन सुरू होते. डेटाबाइंडरची इतर मांडणी करण्यापूर्वीच ती बोलवावी लागते. त्यानंतर रिफ्लेक्शनच्या साहाय्याने खासगी तसेच मूळ क्लासकडून वारशाने आलेल्या फील्डांतही मूल्ये लिहिली जातात. मूल्यांचे रूपांतर आणि चुकांची नोंद पूर्वीप्रमाणेच होते.

सुरक्षितता

सेटरमध्ये लिहिलेली तपासणी या पद्धतीत वगळली जाते. शिवाय, सर्व्हरकडे येणाऱ्या विनंतीत केवळ पडद्यावर दिसणारेच रकाने असतील, याची शाश्वती नसते. समजा, 'सभासद' या क्लासमध्ये 'नाव', 'वय' आणि 'प्रशासक' ही फील्डे आहेत व अर्जात पहिली दोनच दाखवली आहेत. 'प्रशासक' या फील्डाला सेटर नसल्यास नेहमीच्या बंधनात ते सुरक्षित राहते. थेट बंधनात मात्र विनंतीमध्ये ते नाव घुसडणारा वापरकर्ता स्वतःला प्रशासकाचे अधिकार मिळवू शकतो. म्हणून 'सेटअलाउडफील्ड्स' या मेथडीद्वारे स्वीकारार्ह फील्डांची यादी ठरवून देणे, किंवा अर्जापुरताच स्वतंत्र क्लास वापरणे आवश्यक ठरते.

गेटर-सेटरवर आधारित बंधनही सर्वस्वी निर्धोक नाही. मार्च २०२२ मध्ये उघड झालेल्या 'स्प्रिंगफोरशेल' या त्रुटीत गेटरच्या साखळीतून क्लासलोडरपर्यंत पोहोचता येत होते. ही त्रुटी स्प्रिंगच्या ५.३.१८ व ५.२.२० या आवृत्त्यांमध्ये दूर करण्यात आली.

पर्याय

सेटर टाळण्यासाठी कन्स्ट्रक्टरद्वारेही बंधन करता येते. यात कन्स्ट्रक्टरने मागितलेलीच मूल्ये विनंतीतून घेतली जातात. जावा १६ पासून भाषेचा नियमित भाग झालेले रेकॉर्ड या पद्धतीस विशेष सोयीचे ठरतात.