उसाची तोड आधी कुणाला? प्रोग्राम कंप्युटर लावेल, निकष कोण ठरवणार?

बीदर/कलबुर्गी : गळीत हंगाम सुरू झाला की भालकी, हुमनाबाद, आळंद, अफजलपूरच्या ऊसपट्ट्यात एकच प्रश्न असतो, तोड कधी? सीमेपलीकडे लातूर-सोलापुरातही तेच. आपली नोंद आधीची असून शेजाऱ्याचा फड आधी उठला की वशिल्याचा संशय येतो. कधी तो खराही असतो, पण मूळ अडचण हिशेबाची आहे.

कारखान्याच्या शेतकी खात्याला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायच्या असतात. लागणीच्या तारखेचा नंबर पाळायचा. उतारा मिळावा म्हणून पक्व ऊस आधी आणायचा. टोळ्या नि ट्रॅक्टर एकाच शिवारात लावून डिझेल वाचवायचं. गव्हाण रिकामी ठेवायची नाही आणि तोडलेला ऊस वाळूही द्यायचा नाही. एक साधायला गेलं की दुसरं बिघडतं.

अशा गणितांसाठी सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. गूगलच्या 'ओआर-टूल्स'मध्ये कोणत्या निकषाला किती वजन हे आधी सांगितलं की ते त्यानुसार एक प्रोग्राम काढून देतं. 'पायमू' मात्र अनेक पर्याय समोर ठेवतं. त्यात वापरता येणारी 'एनएसजीए-२' पद्धत तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेल्या प्रा. कल्याणमय देब व सहकाऱ्यांची, २००२ साली प्रसिद्ध झालेली.

समजा, तीन प्रोग्राम निघाले. पहिल्यात १० शेतकऱ्यांचा नंबर चुकतो, वाहतूक ९ लाख. दुसऱ्यात ४० जणांचा, वाहतूक ६ लाख. तिसऱ्यात ४५ जणांचा, वाहतूक ८ लाख. तिसरा दुसऱ्यापेक्षा दोन्हीकडून वाईट, म्हणून बाद. उरलेल्या दोघांना इटलीचे अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो परेटो यांच्या नावावरून 'परेटो पर्याय' म्हणतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे माणसानंच ठरवायचं.

आणि त्या निवडीतच शेतकऱ्याचा पैसा आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये जादा. उताऱ्याला झुकतं माप दिलं तर सगळ्यांच्या दराला फायदा. पण ज्याचा ऊस रानात थांबला, त्याच्या उसाला तुरे येतात, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं.

म्हणून "कंप्युटरनं लावलंय" एवढ्या उत्तरावर शेतकऱ्यांनी थांबू नये. नंबर, उतारा आणि वाहतूक यांना किती वजन दिलं, हे हंगामाआधी गट कार्यालयाच्या फलकावर लावायची मागणी करावी.