टर्बो सीचा लांबलेला मुक्काम

नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात प्रोग्रामिंग शिकलेल्या माणसाला निळा पडदा आणि त्यावरची पिवळी अक्षरे दाखवा. त्याची बोटे आपसूक कंट्रोल-एफ-नाइनकडे वळतील. सी शिकायचे म्हणजे टर्बो सीवरच, हे त्या काळी इतके ठरलेले होते की दुसरे काही असू शकते हा विचारही बहुतेकांच्या मनात येत नसे.

या पडद्याची सुरुवात अमेरिकेतल्या बोर्लंड कंपनीपासून होते. १९८३ मध्ये तिने टर्बो पास्कल विकायला काढले, अवघ्या ४९.९५ डॉलरला. एरवी कंपायलरसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. त्यातही प्रोग्राम लिहायचा एका सॉफ्टवेअरमध्ये, कंपाइल करायचा दुसऱ्यात, चूक निघाली की पुन्हा पहिल्यात यायचे, असा द्राविडी प्राणायाम. अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश प्रोग्रामरने घडवलेल्या कंपायलरमुळे हे सारे एकाच पडद्यावर आले, आणि चूक झाली की कर्सर थेट त्या ओळीवर जाऊन थांबू लागला. १९८७ मध्ये त्याच धर्तीवर टर्बो सी आले, १९९० मध्ये टर्बो सी++.

वेळही जुळून आली. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून असेंबल्ड पीसी तयार होऊ लागले, गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले. या मशीनांवर मेमरी बेताची आणि हार्ड डिस्क लहान. टर्बो सी तेवढ्यात मावत असे. त्याचे फोल्डर फ्लॉपीवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जाई, आणि परवाना बहुधा कोणी विचारत नसे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने उरलेली उणीव भरून काढली; त्यातला प्रोग्राम टाइप करायचा, चालवायचा, मग त्यात फेरफार करून पाहायचे.

मशीन तासाच्या हिशेबाने मिळे, तेही दोघातिघांत एक. म्हणून मुले आधी वहीत प्रोग्राम लिहीत आणि शेजारी रकाने आखून प्रत्येक फेरीला व्हेरिएबलची किंमत काय होते ते मांडत. याला ड्राय रन म्हणत. साधनांची टंचाई वाईटच, पण या सवयीने अनेकांचा पाया पक्का झाला, हे मान्य करायला हवे. ग्राफिक्सची फाइल जोडून पडद्यावर वर्तुळे आणि रेघा यांची मोटार पळवली की तो दिवस सार्थकी लागे.

इथवरची गोष्ट कौतुकाची. पुढची नाही.

सी++चे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले आणि टर्बोच्या काळातल्या कितीतरी लकबी बाद ठरल्या. पण अभ्यासक्रम, जर्नल आणि प्रात्यक्षिक परीक्षा निळ्या पडद्याभोवतीच फिरत राहिल्या. नुकसान कसे होते ते एका छोट्या प्रोग्रामवरून कळते. फॅक्टोरियल काढायला दिले आणि साधा इंट वापरला, की टर्बो सी सातचे उत्तर बरोबर देते: ५,०४०. आठचे उत्तर ४०,३२० यायला हवे. येते उणे २५,२१६. कारण तिथे इंट सोळा बिटांचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढची संख्या त्यात बसत नाही. आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम बारापर्यंत नीट चालतो. शिकवणाऱ्याने हे उलगडून सांगितले तर तो उत्तम धडा होतो. न सांगितल्यास मूल ३२,७६७ ही भाषेचीच मर्यादा समजून पाठ करते.

६४ बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्राम चालवणे बंद केले, तेव्हा तरी बदल व्हायला हवा होता. त्याऐवजी डॉसबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर आणून त्यात जुने डॉस उभे केले गेले आणि टर्बो सी पुन्हा सुरू झाले.

पर्याय नव्हता असेही नाही. जीसीसी हा मुक्त कंपायलर टर्बो सीच्याच वर्षी, १९८७ मध्ये आला. लिनक्स १९९१ पासून आहे, आणि नव्वदीच्या उत्तरार्धात तर संगणकविषयक मासिकांबरोबर त्याच्या सीडी येत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने सी, सी++ आणि लिनक्सचे छोटे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर स्वस्त डेटामुळे असे पाठ लहान गावांतही सहज पाहता येऊ लागले.

हेल्सबर्ग स्वतः केव्हाच पुढे गेले. मायक्रोसॉफ्टमध्ये त्यांनी सी शार्प घडवली, २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली. २०१५ मध्ये आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा फुकट एडिटर याच टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे आणि आज जगभरचे विद्यार्थी तो वापरतात.

हे सारे शिकायला महागडे मशीन लागत नाही, म्हणून यंदा मुलांसाठी लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नयेत. एसएसडी आणि किमान आठ जीबी, जमल्यास सोळा जीबी रॅम असली की पहिली काही वर्षे निभावतात. वापरलेले पण सुस्थितीतले मशीन लिनक्स टाकून उत्तम चालते. आणि ज्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत अजून निळा पडदा उघडतो, त्यांनी पुढच्या सत्राआधी तिथे जीसीसी बसवावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.